खुलं पत्र: युरियाला अंगठा लागतो, विषाला नाही

प्रति,
मा. कृषिमंत्री, मा. कृषी आयुक्त आणि विधिमंडळातले सगळे आमदार (विदर्भातल्यांनी जरा जास्त लक्ष देऊन वाचावं)

सप्रेम नमस्कार.

मी विष विकतो. म्हणजे बोर्डावर "कृषी सेवा केंद्र" असंच लिहिलंय, हिरव्या रंगात, बाजूला पेंटरने कपाशीचं बोंड काढलंय, पण दुकानात आल्यावर उजव्या हाताला ज्या तीन रॅक आहेत त्यात विषच आहे. कायद्यात त्याला कीटकनाशक म्हणतात आणि गावात औषध. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं दुकान आहे, १९ वर्षं झाली, लायसन्स आहे, मधे सरकारने विक्रेत्याला शिक्षण पाहिजे असा नियम आणला तेव्हा मी बी.ए. झालेला माणूस हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा तो "देसी" डिप्लोमा पण करून आलो, वर्षभर रविवारी वर्गात बसून, अर्ध्या वयाच्या सरांकडून मावा आणि तुडतुड्यातला फरक शिकून. म्हणजे मी काही बाहेरून बोट दाखवणारा माणूस नाही. जे लिहितोय ते काउंटरच्या आतल्या बाजूने लिहितोय, आणि त्यात माझ्या स्वतःच्या चुका पण आहेत, त्या पुढे येतीलच.

पत्र लिहायला बसलो ते एका अंगठ्यामुळे.

मागच्या जुलैमधली गोष्ट. बाजाराचा दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. एक बुढे आजोबा युरियाच्या दोन गोण्या न्यायला आले. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशाला आहे, सबसिडीचा माल, त्यामुळे २०१८ पासून पॉस मशीनवर आधार नंबर टाकून अंगठा घेतल्याशिवाय देता येत नाही. आजोबांचा अंगठा लागेना. सत्तर वर्षं निंदण-डवरण करून बोटावरच्या रेषाच गेल्यात हो त्यांच्या. मी म्हटलं धोतराला पुसा, पुसला, नाही लागला. मग पाण्याचं बोट लावून बघितलं, मग दुसरं बोट, मग डावा हात, मशीन आपलं लाल अक्षरात नाही म्हणतंय. शेवटी पोराला फोन केला, तो मोटरसायकलवर आला, त्याचा अंगठा लागला, पावती निघाली. वीस मिनिटं गेली दोन गोण्यांना.

आणि त्या वीस मिनिटांत एक पोरगं, वीस-बावीस वर्षांचं असेल, रॅकजवळ उभं राहून माझ्या कामावरच्या मुलाला म्हणालं, "भाऊ, अळी मरूनच नाई राह्यली, काही स्ट्राँग द्या ना." मुलाने लाल चौकोनाची, म्हणजे सगळ्यात जहाल विषाची, एक लिटरची बाटली काढली, सोबत आणखी दोन पुड्या दिल्या, पोराने पाचशेच्या नोटा ठेवल्या आणि गेलं. नाव नाही, गाव नाही, वावर कोणाचं, फवारणार कोण, काही म्हणजे काही विचारलं नाही. मी मशीनवर आजोबांचा अंगठा घासत होतो ना.

रात्री गल्ला मोजताना ते डोक्यात आलं आणि तेव्हापासून जात नाहीये. खतासाठी सरकारला माणूस कोण ते माहीत पाहिजे, कारण खतात सरकारचा पैसा आहे. विषात सरकारचा पैसा नाही, फक्त माणसाचा जीव आहे, म्हणून तिथं अंगठा नाही. कडू वाटेल साहेब, पण मला दुसरं कारण सापडलं नाही.

आता कोणी अधिकारी म्हणतील की असं कसं, १९६८ चा कीटकनाशक कायदा आहे, १९७१ चे नियम आहेत. आहेत ना, मला तोंडपाठ आहेत. तो कायदा कशातून आला ते पण देसीच्या वर्गात शिकवलं होतं. १९५८ साली केरळात शंभराच्या वर माणसं मेली, का तर जहाजातून धान्याच्या मालासोबत पॅराथिऑन नावाचं विष आलं, ते गळून पिठात मिसळलं, आणि लोकांनी ते पीठ खाल्लं. त्यावर न्यायमूर्ती शहा यांचा चौकशी आयोग बसला आणि पुढे दहा वर्षांनी हा कायदा झाला. म्हणजे कायद्याचा जन्मच मुळी विष आणि अन्न एकत्र ठेवल्यामुळे झालेल्या मरणातून आहे. त्यामुळे झालं काय की कायद्याचं सगळं लक्ष डब्यावर. डबा कसा असावा, सील कसं असावं, लेबलवर काय असावं, नोंदणी कोणती, गोदाम कसं. आणि ते बरोबरच आहे, त्यात काही वाईट नाही. पण डबा काउंटरवरून पुढे सरकला की कायदा तिथंच थांबतो, पुढे तो कोणाच्या हातात गेला याच्याशी त्याला फारसं घेणं नाही.

लेबलचंच घ्या. प्रत्येक बाटलीवर तिरका चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लालवर कवटी आणि हाडं असतात आणि लाल अक्षरात विष असं लिहिलेलं असतं. कागदावर एकदम छान पद्धत आहे. आता दुकानात काय होतं ते सांगतो. गिऱ्हाईक लाल बघून घाबरत नाही, उलट लालच मागतो. "हिरव्याने काय होते भाऊ, ते पाणी हाय निस्तं." लाल म्हणजे पॉवरफुल, असा त्याचा अर्थ लागलाय गावात. आणि साहेब, आपल्या भाषेनेच घात केलाय असं मला कधी कधी वाटतं, जी वस्तू पोराला ताप आल्यावर देतो तिला पण औषध आणि जी कपाशीवर मारतो तिला पण औषधच. औषध जास्त झालं तर लवकर गुण येतो असं वाटणारच ना माणसाला! मी दुकानातल्या मुलांना सांगितलं की औषध म्हणायचं नाही, विष म्हणायचं. दोन दिवस म्हटलं त्यांनी. तिसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक चिडलं की सकाळी सकाळी काय अभद्र बोलता, मग बंद केलं.

सोबतचं माहितीपत्रक तर विचारूच नका. नियमाप्रमाणे ते इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषांत असायला पाहिजे, आणि असतं पण, पण इतक्या भाषा एका कागदावर मावायच्या म्हणून अक्षर मुंगीएवढं. मी चष्मा लावून, वरून भिंग धरून एकदा मराठी भाग वाचला, "विषबाधेची लक्षणे" या ओळीपर्यंत पोचायला मला सात-आठ मिनिटं लागली. वावरात, दुपारी, हाताला औषध लागलेलं असताना कोण वाचणार आहे ते. बहुतेक पत्रकं माझ्या दुकानासमोरच्या नालीत पडलेली असतात, घडी सुद्धा न मोडता.

आता २०१७ बद्दल. ते वर्ष तुम्ही विसरले असाल तर आम्ही नाही विसरलो. त्या साली कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देत नव्हती, दमट हवा, लोक आठवड्याला फवारत होते. झाड डोक्याच्या वर म्हणजे नोझल तोंडासमोर, सगळा तुषार अंगावर, डोळ्यात, नाकात. त्यात चार्जिंगचे पंप नवीन आलेले, त्यांचा दाब जास्त. आणि एका टाकीत काय काय घालायचे लोक, कीटकनाशक, त्यात दुसरं कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक, वरून १९-१९-१९ खत. जुलै ते ऑक्टोबर, एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली, शेकडो लोक सरकारी दवाखान्यात भरती झाले, कॉटला कॉट लागलेली, डोळ्यांना पट्ट्या. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या हाताखाली एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, बसली. दिल्ली-मुंबईचे पत्रकार आले. आमच्यासारख्या दुकानदारांवर धाडी पडल्या, काहींची लायसन्स गेली.

त्या ऑक्टोबरमधली माझी चूक सांगतो. रात्री साडेदहाला फोन आला, दवाखान्यातून, एका शिकाऊ डॉक्टर बाईंचा. आमच्या बाजूच्या गावचा एक मजूर आणला होता, घाम, लाळ, उलट्या, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. त्याच्या बायकोजवळ माझ्या दुकानाचं बिल होतं, वावराच्या मालकाने दिलेलं. डॉक्टर म्हणाल्या, "काका, बिलावर फक्त औषध १४५० रुपये लिहिलंय, नक्की काय दिलं होतं तुम्ही?" मी दुकान उघडलं, कार्बन कॉपी काढली, तिच्यावर पण तेच. औषध, १४५०. नियमाने पक्कं बिल द्यायला पाहिजे, मालाचं नाव आणि बॅच नंबरासकट, मला माहीत होतं, पण गर्दीच्या दिवशी कोण लिहितं, सगळेच असं फाडतात. मी रॅकसमोर उभा राहून आठवत होतो की त्या दिवशी १४५० ला काय काय बसलं असेल. दोन बेरजा जुळत होत्या. एकीत ज्यावर ॲट्रोपिन हा उतारा चालतो ते औषध होतं, दुसरीत नव्हतं. कोलिनएस्टरेझची रक्ततपासणी (अशा विषाने रक्तातलं हे द्रव्य उतरतं) झाली असती तर डॉक्टरांना माझ्यासारख्या माणसाची आठवण कशाला लागली असती, पण ती सोय तेव्हा नव्हती आमच्याकडे. मी दोन्ही नावं सांगितली. त्यांनी लक्षणं बघून उपचार केले. माणूस वाचला, बारा दिवसांनी घरी आला, आजही फवारतो. पण त्या रात्री मी दुकानात खुर्चीवर बसून राहिलो, शटर अर्धं खाली.

तो माणूस माझ्या दुकानात आयुष्यात कधी आला नव्हता हे लक्षात घ्या. हीच या सगळ्यातली मेख आहे साहेब. विकत घेणारा वेगळा आणि फवारणारा वेगळा. वावराचा मालक बाटली घेतो, मी त्याला सांगतो की हातमोजे घाला, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, १५ लिटरच्या पंपाला इतके मिली टाका, तो मान हलवतो, आणि दुसऱ्या दिवशी बाटली मजुराच्या हातात. मजुराला पंपामागे पैसे, जितके पंप जास्त तितके पैसे जास्त, तो कशाला थांबून तोंडाला फडकं बांधतो, कशाला वारा बघतो. माप झाकणाचं, ढवळायला काडी नाहीतर हात. आणि त्याला हे पण माहीत नसतं की टाकीत काय आहे, कारण बाटली धुऱ्यावर मालकाजवळ असते. कामगाराला संरक्षक कपडे द्या, ट्रेनिंग द्या, औषधाचा उतारा जवळ ठेवा, असं नियमांत आहे म्हणे. आमच्या अख्ख्या पंचक्रोशीत हे कोणी बघितलेलं नाही.

मग सरकारने काय केलं, तर नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच औषधांवर बंदी घातली, यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा, वाशिम या पाच जिल्ह्यांत, ६० दिवसांसाठी. साठच दिवस का, तर राज्याला त्याच्या पुढे अधिकारच नाही, कलम २७ मध्ये तेवढंच आहे, फार तर आणखी ३० दिवस वाढवता येतात, कायमची बंदी दिल्लीच्या हातात. नोव्हेंबरात फवारणी संपत आलेली असते. आणि पैनगंगेच्या पलीकडे नांदेड, वर्धा नदीच्या पलीकडे वर्धा जिल्हा, तिथं तीच बाटली राजरोस चालू. पुलावरून जाऊन लोक आणत होते. माझ्या गोदामात विक्री बंदचा कागद चिकटवलेला, आणि माझाच गिऱ्हाईक मला येऊन सांगतोय की पलीकडून पन्नास रुपये स्वस्त मिळालं.

त्या पाचातलं एक मोनोक्रोटोफॉस. याची कहाणी तर फारच मोठी आहे. २००५ मध्ये भाजीपाल्यावर बंदी आली. आली म्हणजे कागदावर आली, बाटली दुकानात तशीच, कपाशीसाठी म्हणून घ्या आणि वांग्यावर मारा, कोण बघतंय. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला सांगितलं की यावर बंदीचा विचार करा. २०१३ च्या जुलैमध्ये बिहारमध्ये सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत पोषण आहार खाऊन २३ पोरं गेली, तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं. म्हणजे परत तेच, १९५८ चं, विष आणि अन्न. २०२० मध्ये केंद्राने २७ औषधांच्या बंदीचा मसुदा काढला त्यात हे होतं. २०२३ मध्ये एकदाचं त्याच्या ३६ टक्केवाल्यावर गदा आली, आणि तीही आहे तो स्टॉक संपवायला मुदत देऊन. २००९ ते २०२३ मोजा. मी हे १५ वर्षं विकलंय आणि त्यातलं एकही वर्ष बेकायदेशीर नव्हतं.

श्रीलंकेने १९९५ मध्ये सगळ्यात जहाल गटातली औषधं बंद केली, १९९८ मध्ये एंडोसल्फान. तिथं आत्महत्येचं प्रमाण पुढच्या काळात निम्म्याच्याही खाली आलं आणि धानाचं उत्पादन काही त्यामुळे पडलं नाही. आम्हा विदर्भातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. मी दुकानात एक पद्धत ठेवलीय. कोणी एकटा, उशिरा, ओळख नसलेला आला आणि लाल चौकोनाचं मागितलं तर मी विचारतो, पीक कोणतं, किती दिवसांचं झालं, कीड कोणती, वावर कुठल्या शिवारात. ज्याला खरंच फवारायचंय तो धडाधडा सांगतो, उलट मलाच शिकवतो. ज्याला सांगता येत नाही त्याला मी माल नाही म्हणतो, बस म्हणतो, चहा मागवतो, इकडचं तिकडचं बोलतो आणि मधेच त्याच्या घरच्या कोणाला तरी फोन लावतो. १९ वर्षांत चार वेळा असं झालं. चौघंही आज आहेत, एकाच्या लग्नाला मी जाऊन आलो. पण कायद्याने मला नाही म्हणायचा काही आधार दिलेला नाही हो. एकदा एकाचा चुलता भांडायला आला, की पैसे रोख देत असताना माल का नाही दिला, वरती तक्रार करतो. आणि मी नाही दिलं तर चौकातल्या दुसऱ्या दुकानात मिळतंच.

हे मी का सांगतोय, तर कायदा असं करू शकतो, आपल्याच देशात करतो. १९१९ चा विष कायदा आहे, इंग्रजांचा. त्यात राज्य सरकारला नियम करता येतात की कोणतं विष कोणाला विकायचं, एका वेळी जास्तीत जास्त किती, आणि दुकानदाराने विक्रीचं रजिस्टर ठेवायचं. दंड त्यात हास्यास्पद आहे, पहिल्या गुन्ह्याला ५०० रुपये नाहीतर तीन महिने, पण अधिकार तर आहे. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने लक्ष्मी खटल्यात ॲसिड विक्रीवर आदेश दिला: रजिस्टर पाहिजे, घेणाऱ्याचं फोटो ओळखपत्र, पत्ता, कशाला पाहिजे ते कारण, १८ वर्षांखालच्याला विक्री नाही, स्टॉक पंधरा दिवसांत एसडीएमला, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्याला, कळवायचा, नाहीतर ५० हजारांपर्यंत दंड. आमच्या गावात हार्डवेअरवाला तो आदेश किती पाळतो हे मला माहीत आहे, त्याबद्दल न बोललेलं बरं. पण निदान नियम आहे, पोलिसाला बोट ठेवायला कागद आहे. संडास साफ करायच्या ॲसिडला ओळखपत्र, खताला अंगठा, आणि जिच्यावर कवटी छापलीय त्या बाटलीला काहीच नाही. आणि २०२२ पासून तर केंद्राने ऑनलाइन विक्रीला पण परवानगी दिली, घरपोच. कुरिअरवाला पोरगा विचारणार आहे का कोणती कीड म्हणून?

आता तुमच्या विधेयकांबद्दल बोलतो, म्हणजे आमच्याबद्दल पण. २०२३ मध्ये तुम्ही बोगस बियाणं, खतं आणि कीटकनाशकांसाठी नवीन कडक विधेयकं आणली. आम्ही विक्रेत्यांनी राज्यभर विरोध केला, नोव्हेंबरात तीन दिवस दुकानं बंद ठेवली. मी पण ठेवलं. सीलबंद डबा कंपनीकडून येतो, आत काय आहे ते मला फोडून बघता येत नाही, सॅम्पल फेल झालं तर आत मी जाणार, हा राग खरा होता आणि आजही आहे. पण तेव्हा मोर्च्यात उभा असताना माझ्या डोक्यात एक गोष्ट आली ती मी तिथं बोललो नाही. भांडण दोन्ही बाजूंनी बोगसवरच चाललं होतं. विष नकली असेल तर काय शिक्षा, यावर सगळं विधिमंडळ, सगळे व्यापारी, सगळे पेपर. आणि २०१७ ला डबा उघडल्या उघडल्या भपकारा मारणारं अस्सल विष पण होतं की, लेबलप्रमाणे, लायसन्सच्या दुकानातून. अळी न मारणाऱ्या विषाचा राग सगळ्यांना येतो.

व्यापारी भावांनो, तुम्ही पण वाचत असाल तर चिडू नका. आपल्याला टार्गेट असतं, टार्गेट पूर्ण झालं की बँकॉकची टूर असते, मी पण जाऊन आलोय, फोटो आहेत माझे. चालणाऱ्या मालासोबत न चालणारा माल लिंक करून येतो आणि तो आपण शेतकऱ्याच्या टाकीत उतरवतो, "हे पण टाका सोबत, रिझल्ट येते" म्हणून. बायोच्या, म्हणजे जैविक मालाच्या, नावाखाली काय काय येतं ते आपल्याला वासावरून कळतं. हंगामावर उधारी असते त्यामुळे गिऱ्हाईक आपण देऊ ते मुकाट घेतं. यातलं काही खोटं असेल तर मला फोन करा.

तर मागणं काय आहे. जास्त नाही, आणि त्यातलं बरंचसं करायला दिल्लीला विचारायची पण गरज नाही. कीटकनाशक कायद्याच्या कलम २६ मध्ये राज्याला अधिकार आहे की विषबाधेची प्रत्येक घटना कळवणं बंधनकारक करायचं. ते करा आधी, खासगी दवाखान्यांसकट. कुठल्या तालुक्यात कुठल्या औषधाने किती लोक भरती झाले हे दर आठवड्याला लावा कृषी ऑफिसच्या फळ्यावर, म्हणजे नोव्हेंबरची वाट बघावी लागणार नाही, जुलैतच कळेल. आणि तेव्हाच ती ६० दिवसांची बंदी वापरा, पुलापलीकडच्या जिल्ह्यासकट.

दुसरं, खताचं ते मशीन आमच्या काउंटरवर आहेच. त्यातच लाल आणि पिवळ्या चौकोनाच्या मालाची नोंद टाकायची सोय करा. अंगठा नका घेऊ, आजोबांचे हाल मी बघितलेत, मोबाईल नंबर चालेल, नाव चालेल, पण घेणाऱ्यासोबत फवारणाऱ्याचं नाव पण पाहिजे, हे मी दहा वेळा सांगीन. मालाचं नाव, बॅच, पीक. आणि ती नोंद तालुक्याच्या दवाखान्याला रात्री साडेदहाला पण दिसली पाहिजे. लाल माल विकला की मोजे-मास्कचा किट त्याच बिलात, पैसे कंपनीकडून कापा, टूरचे पैसे वाचतील त्यातून होतं. फवारणाऱ्या मजुरांची गावात यादी करा, आरोग्य सेविकेकडून हंगामाआधी आणि मधे एकदा रक्त तपासा, कोलिनएस्टरेझ उतरलेलं असेल तर त्याला पंधरा दिवस पंप उचलू देऊ नका आणि तेवढ्या दिवसांची मजुरी द्या. हे शेवटचं खर्चिक आहे, मला माहीत आहे.

पत्रकातलं मराठी मोठ्या अक्षरात करायला लावा, चार ओळी पुरे, बाकी इंग्रजीत घाला काय घालायचं ते. रिकाम्या बाटल्या परत घ्यायला लावा कंपन्यांना, आमच्याकडे त्यात रॉकेल ठेवतात, तेल ठेवतात, वावरात प्यायचं पाणी नेतात, आणि गंडामनला काय झालं ते वर लिहिलंच आहे. केंद्राचं २०२० चं कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक स्थायी समितीत जाऊन आलं आणि पुढे सरकलं नाही, त्याबद्दल तुमच्या पक्षाच्या खासदारांना, कोणताही पक्ष असो, एकदा विचारा.

लोक म्हणतील यानं गर्दी वाढेल, शेतकऱ्याला त्रास होईल, काळाबाजार होईल. गर्दी वाढेल, खरंय. हंगामात गिऱ्हाईक शिव्या देईल, त्याही मीच खाणार. काळाबाजाराचं म्हणाल तर आत्ता तो नाही असं कोणी सांगितलं तुम्हाला.

मी स्वतः मागच्या जुलैपासून एक वही सुरू केलीय. २०० पानी, लाल पुठ्ठ्याची. लाल आणि पिवळ्या चौकोनाचा माल असेल तर लिहायचं, तारीख, घेणारा, फवारणारा, पीक, औषधाचं नाव, बॅच. पहिल्या आठवड्यात पाच गिऱ्हाईकं दुसऱ्या दुकानात गेली. त्यातली तीन परत आली, कारण तिकडे उधारी मिळाली नाही. "फवारणारा" या रकान्यात सुरुवातीला सगळे स्वतःचंच नाव सांगायचे, मी म्हणायचो काका तुम्ही या वयात पंप उचलता का, मग हसून खरं नाव सांगायचे. ऑगस्टमध्ये एका मजुराची बायको आली दुकानात, पहिल्यांदाच, विचारायला की माझ्या नवऱ्याचं नाव तुमच्या वहीत काहून लिहिलं, पोलीस येतील का. मी तिला पान दाखवलं, वाचून दाखवलं, औषधाचं नाव एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं आणि सांगितलं, चक्कर आली, डोळे चुरचुरले तर ही चिठ्ठी घेऊन सरळ दवाखान्यात जायचं. तिने ती पदराच्या गाठीत बांधली. पुढच्या आठवड्यात आणखी दोघी आल्या चिठ्ठी मागायला.

मधे गुणनियंत्रणचे निरीक्षक तपासणीला आले, स्टॉक रजिस्टर बघितलं, दरफलक बघितला, वही उघडून म्हणाले ही कशाची, ही तर नियमात नाही. मी म्हटलं हो साहेब, नियमात नाही. त्यांनी ती मिटून परत ठेवली.

वही काउंटरवरच असते. तुमच्यापैकी कोणाला बघायची असेल तर या, फक्त सोमवार सोडून या, सोमवारी आमच्याकडे बाजार असतो, मला बोलायला वेळ मिळणार नाही.

आपला,
एक कृषी केंद्रवाला,
जिल्हा यवतमाळ